पिकअप की एसयूव्ही? आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तुम्ही दोघं, दोन मुलं (धाकटं अजून कार सीटमध्ये) आणि वर्षातले पाच-सहा महिने भारतातून आलेले आई-बाबा. नवं घर घेतलंय, डेक (घरामागचा लाकडी ओटा) आणि बागेचं काम स्वतःच्या हाताने करायची हौस आहे, आणि पुढेमागे एखादा कॅम्पर (राहायचा ट्रेलर) ओढत नॅशनल पार्क हिंडायचे आहेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, अमेरिकेत राहायचं तर पिकअप, तोही फोर्डचा एफ-150च. घरून मागणी आहे तीन रांगांच्या एसयूव्हीची. कोणाचं ऐकायचं?

घरच्यांचं ऐका. मिडसाइज एसयूव्ही घ्या, पण कारखान्यातूनच टो पॅकेज (ट्रेलर ओढायची जोडणी) बसवून आलेली. लाकूड-माती आणायला छोटा युटिलिटी ट्रेलर घ्या, नाहीतर लागेल तेव्हा भाड्याने आणा. कॅम्परचं खरंच पक्कं झालं आणि सामानसुमान भरल्यावर त्याचं वजन साडेतीन-चार हजार पाउंडांच्या वर जाणार असेल, तर मात्र एसयूव्हीचा हट्ट सोडून पिकअपकडे वळा. लोक फसतात ते नेमके या 'तर मात्र'पाशी, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी गेली बावीस वर्षं अमेरिकेत गाड्यांच्या पोटाखाली काढली आहेत. आधी सस्पेन्शन आणि ड्राइव्हट्रेनची दुरुस्ती, आता बराचसा वेळ जुन्या गाड्या विकत घेण्याआधी तपासून देण्यात जातो. त्यामुळे माझं मत शोरूममधलं नाही, लिफ्टखालचं आहे. गाडी नवी असताना ती कशी पळते यापेक्षा सहा वर्षांनी तिचं काय झालेलं असतं ते मला जास्त ठाऊक आहे.

ड्रायव्हरचं दार उघडलंत की चौकटीवर एक स्टिकर दिसेल. वर पिवळा पट्टा, त्यावर टायरची माहिती, आणि त्यात एक वाक्य: माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या पाउंडांपेक्षा जास्त वजन कधीही होता कामा नये. तो आकडा त्याच गाडीचा असतो, तिच्यावर कारखान्यात बसवलेल्या सामानासकट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो टोइंगचा आकडा, आणि तो त्या मॉडेलच्या सगळ्यात ताकदवान जोडणीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, लेदरच्या तापणाऱ्या-थंड होणाऱ्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह, एकेक चढत गेलं की स्टिकरवरचा आकडा उतरत जातो. एकाच मॉडेलच्या दोन पिकअपमध्ये यावरून पाचशे पाउंडांचा फरक पडलेला मी पाहिलाय, आणि महागडा ट्रक तो कमी वजन उचलणारा होता.

आता एक वजाबाकी करू. एका नटवलेल्या क्रू कॅब (चार दारी) पिकअपच्या स्टिकरवर 1,500 पाउंड लिहिलंय असं धरा. हा आकडा काही विरळा नाही. जाहिरात म्हणते 11,000 पाउंड ओढतो. तुम्ही 7,000 पाउंडांचा कॅम्पर जोडलात. ट्रेलरच्या वजनातला 10 ते 15 टक्के भाग हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो, आणि तो तसा यायलाच हवा, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मधला आकडा धरला तर झाले 900 पाउंड. चौघांचं कुटुंब आणि कार सीट मिळून 600 धरा. बेरीज 1,500. अजून एक बॅग, एक कूलर, एक सायकल चढवलेली नाही आणि ट्रक भरला. 11,000 ओढणाऱ्या ट्रकची 7,000 ला ही अवस्था. इंजिन कधी कमी पडत नाही हो, पाठ कमी पडते.

टोइंगचा आकडा खोटा असतो असं मात्र नव्हे. त्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे2807 नावाचं मानक आहे. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा घाट गृहीत धरलेला आहे: अकरा मैलांहून लांब चढ, कडक ऊन, एसी पूर्ण जोरात, आणि ट्रेलर ओढत वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने आपल्या टंड्रा पिकअपसाठी हे मानक 2011 च्या मॉडेलपासून लावलं, बाकीचे मागून आले. तोवर प्रत्येक जण आपापल्या फुटपट्टीने मोजत होता. पण याच मानकात गाडीत माणसं दोन धरली आहेत, प्रत्येकी 150 पाउंडांची. आई-बाबा, मुलं, कुत्रा, तांदळाचं पोतं यांचा हिशेब तुम्हीच करायचा.

एसयूव्हीकडे येऊ. मिडसाइजमध्ये ओढायची मर्यादा साधारण 5,000 पाउंडांच्या आसपास असते. होंडा पायलट ऑल-व्हील ड्राइव्हसकट 5,000, फ्रंट-व्हील ड्राइव्हची 3,500. टोयोटा हायलँडर साध्या इंजिनाची 5,000, हायब्रिड 3,500. निसान पाथफाइंडर योग्य जोडणीत 6,000. डॉज ड्युरँगो व्ही8 घेतली तर 8,700, पण ती जात वेगळी. यावरून लोक म्हणतात, 'मग 4,000 पाउंडांचा कॅम्पर आरामात जाईल.' कागदावर जातो. पण कॅम्परच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं कोरडं वजन, म्हणजे रिकाम्या कॅम्परचं. पाणी गॅलनला 8.3 पाउंड, 30 गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड. प्रोपेनचे दोन सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी, खुर्च्या, उन्हासाठीचं कापडी छत. 3,800 चा म्हणून आणलेला कॅम्पर वजनकाट्यावर 4,900 दाखवतो, हे इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. त्यात कॅम्परचं तोंड भिंतीसारखं सपाट. ताशी 65 मैलांना त्याला अडणारी हवा वजनापेक्षाही जास्त त्रास देते. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा घालतात, ते पान कोणी उघडत नाही.

असंच एक कुटुंब एकदा गाडी घेऊन आलं होतं. तीन रांगांची एसयूव्ही, मागे बावीस फुटांचा कॅम्पर, गाडीत सहा जण. तक्रार काय, तर 'स्टिअरिंग हलकं वाटतं आणि मोठा सेमी (लांबलचक मालट्रक) बाजूने गेला की गाडी ओढली जाते.' मी बाहेर जाऊन नुसतं आडव्या बाजूने पाहिलं. मागचं चाक कमानीत घुसलेलं, पुढचं वर आलेलं, दिवे झाडांच्या शेंड्यांवर. पुढच्या चाकांवरचं वजनच उचललं गेलं होतं; स्टिअरिंग हलकं लागणारच. ट्रान्समिशनचं ऑइल काढलं तर कडक कॉफीच्या रंगाचं आणि जळका वास. टो पॅकेज नव्हतंच. विकणाऱ्याने बाहेरून हिच लावून दिला होता आणि दिव्यांची चार पिनांची वायर. ट्रान्समिशनचं ऑइल थंड ठेवणारा वेगळा कूलर नाही, ट्रेलरच्या ब्रेकसाठी लागणारी सात पिनांची जोडणी नाही, ब्रेक कंट्रोलर नाही. अनेक राज्यांत 3,000 पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने सक्तीचं आहे, ही गोष्टही त्यांना नवीन होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

तुमच्या घरची बेरीज घ्या. एसयूव्हीच्या स्टिकरवर 1,400 आहे असं धरलं आणि सहाही जण बसले, तर साडेआठशे पाउंड संपले. उरले साडेपाचशे. 4,000 पाउंडांच्या कॅम्परचे हिचवर येणारे सरासरी 500. राहिले 50 पाउंड, म्हणजे विमानातली एक चेक-इन बॅग. आणि पिकअप घेतलात तरी सहा जण आणि 6,000 चा कॅम्पर मिळून गणित तसंच काठावर येतं. तेव्हा आई-बाबा आलेले असताना कॅम्पर न्यायचा नाही आणि न्यायचा तेव्हा चौघांनीच जायचं, हे आधी ठरवा. ते मान्य नसेल, सगळ्यांनी मिळूनच जायचं असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून टाहो, एक्सपिडिशन अशा फुल-साइज एसयूव्हीकडे बघा. तिथेही दार उघडून आधी स्टिकर.

पिकअप म्हटलं की वाटेल ते लादता येतं हा समज तर त्याहून धोक्याचा. आमच्याकडे एक तरुण नवाकोरा ट्रक घेऊन आला होता, मागून 'ठक्' असा आवाज येतो म्हणून. बागेसाठी माती आणायला गेला होता. त्याने मागितली एक यार्ड, लोडरवाल्याने एक बादली उचलली आणि बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) ओतली. एक क्यूबिक यार्ड ओलसर माती दोन हजार पाउंडांच्या वरच भरते, खडी तर अठ्ठावीसशेच्या आसपास. ट्रकचं स्टिकर म्हणत होतं 1,640. मागचा अॅक्सल रबरी ठोकळ्यांवर बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तेच ठोकळे फ्रेमवर आदळत होते. या वर्गाला बोलीत 'हाफ-टन' म्हणतात, ते जुन्या काळचं नाव आहे. आजचे ट्रक अर्ध्या टनापेक्षा बरंच जास्त उचलतात, पण यार्डभर माती ही त्यांच्याही आवाक्याबाहेरची. मल्च (झाडांच्या सालीचा भुगा) चालेल, ते हलकं असतं. माती अर्धी-अर्धी आणायची.

हाच माल ट्रेलरवर टाकला तर गंमत बघा. पाच बाय आठचा ट्रेलर, दीड हजार पाउंड मल्च आणि लाकूड: हिचवर येतात दोन-सव्वादोनशे पाउंड, टो पॅकेजवाल्या एसयूव्हीला ते जाणवतसुद्धा नाही. वर ट्रेलरचं फळकूट गुडघ्याच्या उंचीला. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचं टेलगेट (बेडचं मागचं झडप-दार) जवळजवळ तीन फुटांवर असतं. काँक्रीट मिक्सची 80 पाउंडी पोती वीस वेळा तीन फूट उचलून बघा, दुसऱ्या दिवशी डेक राहील बाजूला. प्लायवूडची पूर्ण पाटी चार बाय आठ फुटांची असते. फुल-साइज पिकअपमध्ये चाकांच्या कमानींमध्ये चार फुटांहून जास्त जागा असल्याने ती सपाट बसते, पण क्रू कॅबला बहुधा साडेपाच फुटांचा बेड येतो, म्हणजे टेलगेट खाली पाडून वर लाल फडकं बांधायचं. आठ फुटी बेड आणि क्रू कॅब दोन्ही घेतलं तर ट्रक वीस फुटांच्या पार पुढे जातो.

लांबीचा विषय निघालाच आहे तर टेप घेऊन गराजमध्ये जा. बऱ्याच घरांत गराजची खोली वीस फूट म्हणजे 240 इंच असते. साडेपाच फुटी बेडचा क्रू कॅब एफ-150 सुमारे 232 इंच. आठ इंच उरतात, तेही वॉटर हीटर, फ्रीजर आणि मुलांच्या सायकली नसत्या तर. हायलँडर 195 च्या आसपास, पायलट 200. पार्किंगची खूण साधारण अठरा फुटांची असते, ट्रक एकोणीस फुटांच्या वर. त्याचं नाक किंवा शेपूट बाहेर राहणार. वळायला पिकअपला 45 ते 50 फुटांचं वर्तुळ लागतं, एसयूव्हीला 37-38. शोरूमच्या मैदानात यातलं काहीच कळत नाही. कॉस्टकोसारख्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शनिवारी दुपारी कळतं. विकणाऱ्याला सांगून गाडी स्वतःच्या घरी न्या आणि गराजमध्ये घालून दार बंद करून बघा. यात लाजायचं काही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एवढ्या एका गोष्टीवर निकाल लावला असता: माणसं सहा. पिकअपमध्ये पुढे मधला कन्सोल असेल तर जागा पाचच. पुढे अखंड बाक घेतला तर सहावा बसतो, पण तो कोण? मधल्या जागी पाय आखडून बाबा? मागे दोन मुलं, त्यात एक कार सीट, आणि मध्ये आजी? एसयूव्हीत मुलं तिसऱ्या रांगेत उड्या मारत जातात आणि म्हातारी माणसं मधल्या रांगेत ऐसपैस बसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पिकअपमध्ये चढताना कधी पाहिलंयत? आधी पायरीवर पाय, मग वरचा दांडा पकडून स्वतःला ओढायचं, मग अर्धवट वळून बसायचं. उतरताना त्याहून वाईट, कारण खाली जमीन दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा. त्या काही बोलणार नाहीत, 'छान आहे हो गाडी' म्हणतील. त्यांचे हात कुठे आधार शोधतात तेवढं बघा.

कार सीटचंही असंच. एसयूव्हीत वरच्या पट्ट्याचा हुक अडकवायची लोखंडी कडी सीटच्या पाठीवर किंवा छतापाशी असते, हात घातला की मिळते. बऱ्याच पिकअपमध्ये मागची सीट कॅबच्या भिंतीला चिकटलेली, आणि कडीच्या जागी कापडी फास. पट्टा आपल्या जागेच्या फासातून ओवून शेजारच्या फासात अडकवायचा असतो. मॅन्युअल न वाचता हे बरोबर बसवलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. मागच्या सीटची पाठही एसयूव्हीपेक्षा सरळ असते. चार तासांच्या प्रवासात झोपलेल्या मुलाची मान पुढे पडते.

आणि विमानतळ. आई-बाबांना आणायला जाता तेव्हा 23 किलोच्या चार बॅगा असतात, लोणच्याच्या बरण्यांसकट. एसयूव्हीची तिसरी रांग पाडली की चारही आत. पण पूर्ण सहा जण बसलेले असतील तर तिसऱ्या रांगेमागे हायलँडरसारख्या गाडीत 16 घनफूट जागा उरते, तिथे चार बॅगा मावत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पिकअपचा बेड 50 घनफुटांच्या पुढे, बॅगा आरामात राहतात, फक्त पाऊस आणि चोर या दोघांसाठी टोनो कव्हर (बेडवरचं झाकण) घ्यावं लागतं. इथे पिकअप जिंकतो असं म्हणा हवं तर.

आता थोडं पोटाखालचं. पिकअप म्हणजे शिडीसारखी लोखंडी फ्रेम आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली कॅब आणि बेड. हायलँडर-पायलटसारख्या गाड्या एकसंध सांगाड्याच्या, कारच्याच जातीच्या. फ्रेमवाली गाडी ओझ्याखाली पिळवटते आणि परत सरळ होते, वर्षानुवर्षं ओढत राहते. त्याची किंमत रिकामं असताना मोजावी लागते. एफ-150 आणि शेवरोलेच्या सिल्वराडोला मागे पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंग) आहेत. ते हजार पाउंडांसाठी बनवलेले असतात आणि रिकाम्या ट्रकमध्ये त्यांना काम नसतं, म्हणून प्रत्येक सांध्यावर शेपूट उडते. रॅम 1500 ने 2009 पासून मागे कॉइल स्प्रिंग घातल्या, टंड्राने 2022 पासून; त्यांची चाल मऊ आहे. तरी पाठीवर काही नसताना कुठलाही पिकअप एसयूव्हीसारखा बसत नाही. तुमच्या वर्षाच्या 365 दिवसांतले 340 दिवस पाठ रिकामीच असणार आहे.

बर्फात पिकअप भारी, हा दुसरा गोड गैरसमज. बहुतेक पिकअपचं साधं फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल त्यात नसतो, म्हणून कोरड्या डांबरावर ते लावायचं नाही. वळताना गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. जिथे रस्ता शंभर यार्ड ओला, पन्नास यार्ड बर्फाचा, पुन्हा कोरडा, तिथे माणूस सतत बटणं फिरवत बसतो किंवा टू-व्हीलमध्येच चालवतो. आणि टू-व्हीलमध्ये मागची चाकं ओढणार, मागे वजन नाही. चौकात गाडी गोल. म्हणून लोक हिवाळ्यात अॅक्सलच्या वर वाळूची पोती ठेवतात. ठेवलीत तर बांधा, अचानक ब्रेक लागला की ती कॅबच्या काचेकडे धावतात. एसयूव्हीचं ऑल-व्हील ड्राइव्ह हे सगळं आपलं आपण करतं. महागड्या पिकअपमध्ये ऑटो मोड मिळतो, तो असेल तर हा मुद्दा निम्मा निकालात. दोन्हीत, चाकांना चांगले विंटर टायर घातलेत तर वरच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. घरात लहान मूल आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला: बॉनेटची उंची 40 इंचांच्या वर असलेल्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता, 30 इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा, सुमारे 45 टक्क्यांनी जास्त. मोठ्या पिकअपची नाकं त्या 40 च्या वर सहज जातात, काही मोठ्या एसयूव्हींचीही. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे 2018 पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा आहे. पुढच्याची सक्ती नाही. पिकअप घेतलात तर पुढचा कॅमेरा असलेलाच घ्या. आमच्या अंगणात मी एकदा ट्रॅफिकचा नारिंगी कोन एका ट्रकपुढे ठेवून सीटवरून बघितलं होतं, आणि कोन दिसेपर्यंत तो सरकवत सरकवत किती लांब न्यावा लागला ते बघून माझाच चेहरा उतरला.

पेट्रोलचा हिशेब लोकांना वाटतो तसा नाही. वर्षाला 12,000 मैल आणि गॅलनला साडेतीन डॉलर धरा. व्ही8 पिकअप गॅलनला 18 मैलांचं मायलेज देतो, खर्च साधारण 2,330 डॉलर. साध्या इंजिनाची तीन रांगांची एसयूव्ही 21 देते, खर्च 2,000. फरक महिन्याला तीस डॉलरही नाही, आणि छोट्या टर्बो इंजिनाचा पिकअप घेतला तर तोही जवळजवळ जातो. खरा फरक हायब्रिड एसयूव्हीने पडतो: 35 च्या मायलेजला 1,200 डॉलर. पण हायब्रिड घेतलीत तर ओढायची मर्यादा बऱ्याचदा 3,500 वर येते. म्हणजे कॅम्परचं भविष्य तुम्ही गाडी घेतानाच ठरवून टाकता. पेट्रोलपेक्षा पिकअप खातो तो टायर आणि ब्रेकमध्ये. मोठे टायर महाग, आणि इंजिन ऑइलही एसयूव्हीच्या दीडपट लागू शकतं.

मधले पर्याय आहेत. होंडा रिजलाइन म्हणजे पायलटच्याच सांगाड्यावरचा पिकअप, 5,000 पाउंड ओढतो, बेडच्या खाली कुलूपबंद डिकी. चौघांचं कुटुंब असतं तर मी तुम्हाला तोच सुचवला असता. फोर्ड मॅव्हरिक त्याहून लहान, साडेचार फुटी बेड, हायब्रिडमध्ये मिळतो, दीड हजार पाउंडांपर्यंत उचलतो. दोन्हींत जागा पाच. आणि 'भारतात, आखातात दिसते ती हायलक्स इथे का नाही' असं तुम्ही विचारलंयत, तर त्यामागे कोंबडी आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून 1964 पासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर राहिला. त्यामुळे इथे विकायचा पिकअप इथे किंवा शेजारच्या देशांत बनवणंच परवडतं, आणि तो इथल्याच चवीचा होतो.

जुना पिकअप बघणार असाल तर रंगाकडे नका बघू. बेडचं प्लास्टिक उचलून खालचा पत्रा बघा. बेडच्या मधोमध वर्तुळाकार भोक किंवा त्याचं ठिगळ असेल तर गूजनेक (बेडच्या मधोमध जोडायचा जड) ट्रेलर ओढून झालेला आहे, हाफ-टनमध्ये ते दिसलं की मी पुढचं बघतसुद्धा नाही. हिचच्या नळीच्या आतला रंग घासलेला आहे का, बंपरखाली खरवडलेलं आहे का. पाट्यांच्या मध्ये एखादं पान वेगळ्या रंगाचं, म्हणजे मागाहून घातलेलं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा प्रदेशातला ट्रक असेल तर हातोडी घेऊन मागच्या चाकाच्या वरच्या फ्रेमवर हलकेच ठोका; चांगलं लोखंड टणटणतं, खाल्लेलं ढबढबतं. विकणाऱ्याने ठोकू दिलं नाही तर उत्तर मिळालं. जुन्या ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीत ट्रान्समिशनच्या बाजूची पॉवर ट्रान्सफर युनिटची (मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी) पेटी तेलाने माखलेली आहे का ते बघा. ती लहान असते, तिचं तेल कोणी बदलत नाही, आणि ओढून ओढून तीच पहिली जाते.

कागदपत्रांबद्दल थोडंसंच. कॅलिफोर्नियात पिकअप व्यावसायिक वाहन म्हणून नोंदला जातो आणि वजनावर फी लागते. काही वसाहतींच्या एचओएला (घरमालकांच्या संघाला) ड्राइव्हवेत पिकअप चालत नाही, नियम आधी वाचा. मित्राने 'टॅक्स वाचतो' सांगितलं असेल तर ती सवलत धंद्यासाठी निम्म्याहून जास्त वापरणाऱ्याला आहे. पगारदार माणसाने डेक बांधला म्हणून मिळत नाही.

पुढच्या शनिवारी एवढं करा. ज्या दोन गाड्या मनात आहेत त्यांच्या दाराच्या स्टिकरचे फोटो काढा. मग कॅम्परच्या दुकानात जा, घ्यायचं नाव काढू नका, आवडलेल्या कॅम्परच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावरची पाटी वाचा. तिच्यावर भरल्यावरचं कमाल वजन असतं, तेच धरायचं, माहितीपत्रकातलं नाही. त्याचा साडेबारा टक्के काढा, चौघांचं खरं वजन मिळवा (हिवाळी जॅकेटसकट), वर सामानाचे दोनशे-अडीचशे. आणि पहिल्या सहलीआधी, गाडी कुठलीही असो, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर चढवा. थोड्याशा डॉलरांत प्रत्येक अॅक्सलचं वजन छापून हातात मिळतं. तीन आकडे जमले की मला पाठवा, वजाबाकी मी तपासून देतो.